वेबअसेम्ब्ली : अनेक मॉड्यूले एका छताखाली कशी नांदतात?



या सत्रात ११वी-१२वीच्या संगणक विषयाच्या मुलामुलींनी एक चांगला प्रश्न विचारला. ब्राउझरच्या एका पानावर, काहीही इन्स्टॉल न करता, पायथन चालते ते कसे? आणि नमपाय, पांडास यांसारखे संच मागाहून आणून त्याला जोडले जातात, ते त्याच्या पोटात नेमके कसे बसतात? उत्तर तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत देण्यासारखे नव्हते, म्हणून हा लेख. विश्वस्त मंडळींनीही तो वाचावा अशी नम्र विनंती आहे, कारण यातला बराचसा भाग शाळेच्या कार्यालयाशी संबंधित आहे.

ब्राउझरमधील त्या पायथनचे नाव पायोडाइड. मोझिला या संस्थेत २०१८ साली मायकेल ड्रोएटबूम यांनी ते सुरू केले. पायथन मुळात सी भाषेत लिहिलेले आहे. तो सगळा कोड एमस्क्रिप्टन नावाच्या कम्पायलरने वेबअसेम्ब्लीत उतरवला आहे. वेबअसेम्ब्ली म्हणजे एका काल्पनिक यंत्राची भाषा. खरा प्रोसेसर कोणत्याही कंपनीचा असो, ब्राउझर ही भाषा त्या प्रोसेसरच्या भाषेत ऐनवेळी बदलून घेतो. २०१५ साली तिची घोषणा झाली, २०१७ संपेपर्यंत चारही प्रमुख ब्राउझर ती समजू लागले आणि ५ डिसेंबर २०१९ रोजी डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने तिला अधिकृत मानक म्हणून मान्यता दिली. इतिहास एवढा पुरे.

या भाषेतील कार्यक्रमाच्या एका फाइलला मॉड्यूल म्हणतात. मॉड्यूल म्हणजे चारही बाजूंनी बंद असलेली खोली समजा. आत बसलेला कारकून आकडेमोड हवी तेवढी करील, पण त्याला खिडकी नाही, टेलिफोन नाही, भिंतीवर घड्याळसुद्धा नाही. फाइल उघडणे, पडद्यावर अक्षर काढणे, वेळ विचारणे, यातले काहीही त्याला स्वतःहून करता येत नाही. दारावर मात्र दोन याद्या लावलेल्या असतात. एकीत ‘मला काय हवे’ आणि दुसरीत ‘मी काय देऊ शकतो’. पहिली आयात, दुसरी निर्यात. या याद्यांत मुख्यतः चार प्रकारच्या वस्तू येतात : फंक्शन, मेमरी, टेबल (म्हणजे फंक्शनांचे क्रमवार कप्पे) आणि ग्लोबल (म्हणजे एखादी नाव दिलेली किंमत).

दाराबाहेर उभा राहून या याद्या वाचणारा आणि मागितलेली वस्तू आत नेऊन देणारा जो असतो, त्याला यजमान म्हणू या. आपल्या घरांत यजमान शब्दाला दुसराही अर्थ आहे हे मला ठाऊक आहे. मी शिकलो हिंदी माध्यमात, तिथे मेजबान म्हणून मोकळे होता आले असते. असो. ब्राउझरमध्ये यजमानाचे काम जावास्क्रिप्ट करते. ब्राउझरबाहेर ते वॅझमटाइमसारखे रनटाइम करते. हे रनटाइम रस्ट भाषेत लिहिलेले आहे आणि बाइटकोड अलायन्स ही संस्था ते सांभाळते.

आता उदाहरण घेऊ. शाळेतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक दाखल्यावर जावक क्रमांक पडतो हे पालकांना माहीत आहेच. समजा हे काम करणारी चार मॉड्यूले आपण लिहिली. ‘जावक’ हे फक्त पुढचा क्रमांक देते. ‘अक्षर’ हे मजकूर सांभाळते आणि फाइलमध्ये लिहिते. ‘टीसी’ हे शाळा सोडल्याचा दाखला तयार करते आणि ‘बोनाफाइड’ हे त्या नावाचा दाखला. शेवटच्या दोघांना पहिली दोन्ही लागतात. ‘अक्षर’ला फाइलमध्ये लिहिण्याची सोय लागते आणि ती रनटाइमकडून येते. ‘जावक’ला कोणाचेच काही लागत नाही.

आयातीच्या यादीतील प्रत्येक ओळीत नावाचे दोन भाग असतात : कोणाकडून आणि काय. ‘जावक’कडून ‘पुढचा क्रमांक’ अशी ‘टीसी’ची मागणी. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. ही ओळ कोणत्याही फाइलचा पत्ता नाही. मॉड्यूल स्वतः उठून ‘जावक’ शोधायला जात नाही. ‘जावक’ या पाटीखाली कोणाला बसवायचे ते सर्वस्वी यजमान ठरवतो. चाचणीच्या दिवशी त्या पाटीखाली नेहमी ७ हाच आकडा देणारे खोटे फंक्शन बसवले तरी ‘टीसी’ला फरक कळणार नाही. सोय म्हणून ही उत्तमच आहे. पण याचाच अर्थ असा की जोडणीची सगळी जबाबदारी यजमानावर येते.

जोडणीचा क्रम साहजिकच खालून वर जातो. ज्याला कोणाची गरज नाही ते आधी, मग त्यावर अवलंबून असलेले. फाइलमधील मॉड्यूल हा नुसता साचा असतो. त्यातून चालती प्रत तयार करावी लागते, तिला इन्स्टन्स म्हणतात. ‘जावक’ची चालती प्रत झाल्याशिवाय तिचे फंक्शन हातात येत नाही आणि ते हातात आल्याशिवाय ‘टीसी’ची प्रत काढता येत नाही. वॅझमटाइममध्ये यासाठी लिंकर नावाची एक वही असते. रनटाइमच्या सोयी आधी तिच्यात नोंदवायच्या, मग ‘अक्षर’ आणि ‘जावक’च्या प्रती काढून त्यांची निर्यात नोंदवायची, शेवटी ‘टीसी’ आणि ‘बोनाफाइड’. क्रम चुकला तर ‘अज्ञात आयात’ अशी त्रुटी येते आणि काम तिथेच थांबते. एकाच नावाची नोंद दोनदा करू गेल्यासही वही हरकत घेते. मुद्दाम परवानगी दिली तरच दुसरी नोंद पहिलीची जागा घेते.

प्रत काढताना दोन गोष्टी तपासल्या जातात : नाव जुळते का, आणि वस्तूचा प्रकार जुळतो का. फंक्शन असेल तर किती आणि कोणत्या जातीच्या संख्या आत जातात व कोणत्या बाहेर येतात, हे तंतोतंत जुळावे लागते. मेमरीच्या बाबतीत किमान आकार पाहतात. मेमरी पानांत मोजतात, एक पान ६५,५३६ बाइटचे. चार पाने मागितली आणि दोनच दिली तर नकार. ही तपासणी कोडची एकही ओळ चालण्यापूर्वी होते. निम्मे दाखले छापून झाल्यावर ‘फंक्शन सापडले नाही’ असा घोटाळा येथे होत नाही. वेबअसेम्ब्लीची ही शिस्त मला फार आवडते.

नावांवरून एक गंमत. आयात-निर्यातीची नावे कोणत्याही लिपीत ठेवता येतात. मी वर दिलेली मराठी नावे केवळ लेखाच्या सोयीसाठी नाहीत, प्रत्यक्ष फाइलमध्येही ती चालतात. पण जुळणी डोळ्यांनी नव्हे, संकेतांकांनी होते. ‘अधिकाऱ्याचे नाव’ असे फंक्शन एकाने निर्यात केले आणि दुसऱ्याने मागितले. आता यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका स्वतंत्र संकेतांकाने लिहिता येतो, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता असा दोन संकेतांकांनीही. पहिल्याला ३ बाइट लागतात, दुसऱ्याला ६. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात आणि युनिकोडही दोन्ही समान मानते, पण वेबअसेम्ब्ली मानत नाही. त्रुटीचा संदेश ‘अधिकाऱ्याचे नाव’ सापडले नाही असे म्हणणार, आणि समोरच्या यादीत तेच नाव आपल्याला ढळढळीत दिसत राहणार! नुक्त्याच्या अक्षरांमुळे हिंदी मॉड्यूलांनाही अशीच अडचण येऊ शकते, पण हा रफार-चंद्रकोरीचा प्रपंच आपल्या मराठीचा.

इथवर चूक झाली तर निदान कळते. पुढे ज्या दोन गोष्टी सांगतो, त्यांत चूक झाली तरी कोणतीही त्रुटी येत नाही.

पहिली म्हणजे चालत्या प्रती किती. ‘टीसी’ आणि ‘बोनाफाइड’ दोघांनाही ‘जावक’ हवे. यजमानाने ‘जावक’ची एकच प्रत काढून दोघांना दिली, तर क्रमांकांची मालिका एक राहते. पण यजमानाने प्रत्येकासाठी वेगळी प्रत काढली तर? नावे जुळतात, प्रकार जुळतात, सर्व काही सुरळीत चालते. फक्त दोन्ही प्रतींतील मोजणी १ पासून स्वतंत्रपणे सुरू होते आणि एकाच जावक क्रमांकाचे दोन दाखले शाळेच्या शिक्क्यासह बाहेर पडतात. कार्यालयातील कोणाही अनुभवी लिपिकाला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. उलट, प्राथमिक आणि माध्यमिक विभागांची जावक वही वेगळी ठेवायची असेल, तर याच साच्याच्या दोन प्रती हव्यातच. म्हणजे एक बरोबर आणि दोन चूक असा नियम नाही. आपल्याला एक वही हवी आहे की दोन, हे माणसाने आधी ठरवावे लागते.

वॅझमटाइममध्ये याला आणखी एक पदर आहे. तिथल्या लिंकरला आख्खे मॉड्यूल दिले, तर तो त्याची जात पाहतो. मॉड्यूलमध्ये ‘येथून सुरू करा आणि संपवा’ असे मुख्य फंक्शन असेल तर त्याला कमांड समजतात, आणि त्याचे कोणतेही फंक्शन हाक मारली की दर वेळी नवी कोरी प्रत काढून, काम करून, टाकून दिली जाते. तसे मुख्य फंक्शन नसेल तर रिअॅक्टर समजतात, आणि एकच प्रत शेवटपर्यंत जिवंत राहते. ‘जावक’ चुकून कमांडच्या थाटात कम्पाइल झाले, तर प्रत्येक दाखल्याचा क्रमांक १!

दुसरी गोष्ट मजकुराची. मॉड्यूलांमध्ये ये-जा होते ती प्रामुख्याने संख्यांची : ३२ किंवा ६४ बिटांचे पूर्णांक आणि तशाच दोन आकारांच्या दशांश संख्या. ‘नाव’ ही वस्तू या व्यवहारात नाहीच. मग विद्यार्थ्याचे नाव ‘टीसी’कडून ‘अक्षर’कडे जाते कसे? दोघे एकच मेमरी वापरतात. ‘अक्षर’ आपली मेमरी निर्यात करते, ‘टीसी’ ती आयात करते, तिच्यात नाव लिहिते आणि दोन संख्या कळवते : नाव कुठून सुरू होते आणि किती लांब आहे. आता ‘मराठी’ हा शब्द पाहा. डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबाने म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी असे पाच संकेतांक. यूटीएफ-८ पद्धतीने मेमरीत १५ बाइट. ‘टीसी’ लिहिणाऱ्याने लांबी ५ कळवली आणि ‘अक्षर’ लिहिणाऱ्याने ती बाइटमध्ये आहे असे मानले, तर कागदावर ‘म’ उमटेल आणि पुढे एक तुटका चौकोन. जोडणीच्या तपासणीने हे पकडले का? नाही. तिला ३२ बिटांच्या दोन संख्या हव्या होत्या, त्या मिळाल्या. रोमन लिपीत एका अक्षराला एकच बाइट लागतो, म्हणून इंग्रजी नावांवर चाचणी करणाऱ्याला हा दोष वर्षानुवर्षे दिसणार नाही. आपल्या मुलांच्या टी.सी.वर मात्र पहिल्या दिवशी दिसेल, आणि दाखल्यावरचे नाव पुढे कुठे कुठे आडवे येते हे पालक जाणतात.

सामायिक मेमरीचा आणखी एक धोका आहे. दोन मॉड्यूले वेगवेगळी कम्पाइल झाली असतील, तर दोघांनाही वाटते की मेमरीची सुरुवातीची जागा आपलीच. मग एकाचा मजकूर दुसऱ्याच्या मजकुरावर बसतो. बंद खोलीची भिंत येथे कामाला येत नाही, कारण हे कपाट आपणच दोघांत मांडून दिलेले असते. यावर रूढ उपाय असा की यजमान प्रत्येक मॉड्यूलला एका ग्लोबलमधून त्याच्या जागेचा आरंभबिंदू कळवतो आणि मॉड्यूल आपले सगळे पत्ते तिथून मोजते. एमस्क्रिप्टनची मुख्य मॉड्यूल आणि उपमॉड्यूल ही पद्धत अशीच चालते, आणि पायोडाइडमध्ये नमपाय याच मार्गाने मूळ पायथनच्या शेजारी येऊन बसते. पांडासला नमपाय लागते, म्हणून पांडास मागितल्यावर पायोडाइड नमपायही आणते. विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचे थेट उत्तर हे आहे. पण त्याची किंमतही समजून घ्या : हे सगळे एकाच मेमरीत राहतात, म्हणून एका संचाच्या सी कोडमधील दोष संपूर्ण पायथनचा डाव मोडू शकतो. संगणकातील इतर फाइलींना मात्र त्याचा हात लागत नाही, ती बाहेरची भिंत शाबूत असते.

येथेच एक बारीक गोष्ट. मागण्या जुळल्यानंतर, काम सुरू होण्यापूर्वी, मॉड्यूल आपला ठरलेला मजकूर मेमरीत भरते. तो भरताना मध्येच जागा संपली तर प्रत निघत नाही, पण तोवर दुसऱ्याच्या मेमरीत जे लिहून झाले ते तसेच राहते, मागे घेतले जात नाही. म्हणून अयशस्वी जोडणीनंतर तीच मेमरी पुन्हा वापरू नये.

मुलांपैकी एकाने विचारले होते, की दोन मॉड्यूलांना परस्परांची गरज असेल तर आधी कोणाची प्रत काढायची? सरळ मार्गाने कोणाचीच निघणार नाही. अशा वेळी यजमान एक रिकामे टेबल आधी तयार करतो आणि पहिल्या मॉड्यूलला देतो. पहिल्याची प्रत निघते, तिच्या आधारे दुसऱ्याची निघते, आणि मग दुसऱ्याचे फंक्शन टेबलाच्या ठरलेल्या कप्प्यात ठेवले जाते. पहिले मॉड्यूल त्याला कप्प्याच्या क्रमांकाने हाक मारते. यात तपासणी जोडणीच्या वेळेवरून हाकेच्या वेळेवर ढकलली जाते. कप्पा रिकामा असेल किंवा फंक्शनचा प्रकार वेगळा निघाला, तर कार्यक्रम तिथल्या तिथे थांबतो. माझे मत विचाराल तर दोघांनाही लागणारा भाग काढून त्याचे तिसरे मॉड्यूल करावे.

नावांच्या लांबीचा घोळ हा काही आपल्यापुरता नाही, त्यामुळे त्यावर पुष्कळ विचार झाला आहे. जानेवारी २०२४ मध्ये वाझी या सिस्टिम-जोडणीची ०.२ ही आवृत्ती आली आणि ती कम्पोनन्ट मॉडेल नावाच्या नव्या मांडणीवर उभी आहे. कम्पोनन्ट म्हणजे मॉड्यूलावर चढवलेले आणखी एक वेष्टन. त्याच्या यादीत ‘मजकूर’, ‘यादी’, ‘नोंद’ असे खरे प्रकार लिहिता येतात. मजकूर एका कम्पोनन्टमधून दुसऱ्याकडे जाताना रनटाइम त्याची नक्कल करून देते. प्रत्येकाची मेमरी वेगळी राहते, कपाट सामायिक नाही. लांबी अक्षरांत की बाइटमध्ये हा वादच उरत नाही. नक्कल करण्यात थोडा वेळ जातो, पण शाळेच्या दाखल्यांसाठी तो नगण्य आहे. एक गोष्ट मात्र मला खटकते : कम्पोनन्टच्या यादीतील नावे फक्त रोमन अक्षरांत लिहावी लागतात. ‘जावक’ला तिथे पाटी बदलावी लागेल. ‘ऱ’ची अडचण सुटली, पण ‘ऱ’लाच दाराबाहेर ठेवून!

विश्वस्त मंडळींसाठी आता कामाचे. बाहेरून कोणी तयार मॉड्यूल देऊ केले, तर ते चालवून पाहण्यापूर्वी त्याची आयात-यादी मागावी. ती फाइलमध्येच असते, लपवता येत नाही, आणि वॅबट नावाच्या विनामूल्य साधनसंचातील ऑब्जडम्प ती छापून देतो. दाखल्याची मांडणी करणारे मॉड्यूल जर नेटवर्कची मागणी करत असेल, तर का, हा प्रश्न तिथेच विचारता येतो. मागितले म्हणून दिलेच पाहिजे असेही नाही. वॅझमटाइम तर आज्ञा देताना नाव घेऊन सांगितल्याशिवाय संगणकातील एकही फोल्डर आतल्या मॉड्यूलला दाखवत नाही. आपण ‘दाखले’ हा एकच फोल्डर दिला, तर शेजारच्या ‘निकाल’ फोल्डरला त्याचा हात लागत नाही.

ज्या विद्यार्थ्यांना हे करून पाहायचे आहे त्यांना रस्ट येण्याची गरज नाही. वॅबटमध्येच लिखित स्वरूपातून मॉड्यूल बनवण्याची सोय आहे, आणि यजमान म्हणून ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट पुरते. ‘जावक’ दहा-बारा ओळींत होते. आधी त्याची एक प्रत काढून दोघांना जोडा, मग दोन प्रती काढा आणि क्रमांक वहीत लिहून पाहा.